डरकाळी: उत्तम

एक जंगल होतं. त्यात एक जिल्हा होता, आणि त्या जिल्ह्यात एकही मूल आजारी नव्हतं. तसा फलकच लागला होता. तपासणी मागाहून झाली.

पथक साळूबाईंच्या शाळेत मंगळवारी साडेदहाला आलं. साळूबाई म्हणजे साळिंदर. पहिली ते चौथी एकट्या सांभाळायच्या. पथक म्हणजे डॉक्टर बगळे आणि त्यांची पेटी. मुलं दोनशे बारा, आणि बारा वाजता पुढची शाळा.

"बाई, रांग लावा. जंताची गोळी सर्वांना सक्तीची."

पहिलीतल्या गांडुळाने शेपूट वर केली (किंवा डोकं, बाईंना अजून खात्री नव्हती). "सर, मलाही?"

"सर्वांना म्हणजे सर्वांना, बाळ."

बाईंचं लक्ष दुर्वावर होतं. दुर्वा पिसोरी होती, हरणांतली सगळ्यात लहान जात, जेमतेम मांजराएवढी. थंडीपासून तिची छाती घरघरत होती. प्रार्थनेला उभी राहिली तरी ओठ निळे पडत. बाईंना पथकाकडून एकच गोष्ट हवी होती: राजधानीतल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय तिथे कुणाला आत घेत नसत.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"काय आहे, डॉक्टर?"

"थांबा हो. रकाना शोधतोय."

तक्ता राजधानीत छापलेला. राजाच्या बछड्यांवरून.

नखे: तीक्ष्ण / अति तीक्ष्ण
आयाळ: आहे / येत आहे
डरकाळी: उत्तम / मध्यम
आजार: (जागा शिल्लक नाही)

"छातीतून आवाज येतोय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे डरकाळीतच घालावा लागेल." आणि लिहिलं: उत्तम.

"अहो, दम लागतोय तिला!"

"बाई, बाकी दोनशे अकरांना मध्यम दिलंय. पोरीचं नुकसान का करता?"

आठ दिवसांत पत्र आलं. गवत खाऊन डरकाळी उत्तम असलेलं सबंध राज्यात एकच मूल सापडलं होतं. सत्कार राजधानीत. सोबत वर्गशिक्षिका.

भाषण. वक्ते: आरोग्यमंत्री तरस. टाळ्या कंसात, आधीच ठरलेल्या.

"माझ्या बछड्यांनो! पूर्वी हरणं घाबरायची. (टाळ्या) आज हरणं डरकाळ्या फोडतात! (टाळ्या) विरोधक विचारतात, दवाखाने कुठे आहेत? अरे, आजारीच कुणी नाही, तर दवाखाने कुणासाठी? (उभं राहून टाळ्या, शेपूट असल्यास तीही) दुर्वाबाळ, फोड एक डरकाळी!"

दुर्वाने श्वास घेतला. तो मध्येच अडकला. ती व्यासपीठावर आडवी झाली.

"बघा, सिंहासारखी झेप!" तरस म्हणाले.

(टाळ्या)

साळूबाईंनी काटे मिटले, तिला पाठीवर घेतलं आणि मैदानापलीकडचा मोठा दवाखाना गाठला. दारावर अस्वल. त्याने सत्कारात दुर्वाच्या गळ्यात अडकवलेला तपासणीचा तक्ता वाचला.

"ही तर निरोगी आहे."

"मरतेय ती, दादा!"

"मरत असेल. पण निरोगी आहे. आजारी असल्याचं लिहून आणा."

"कोण देतं लिहून?"

"तपासणी पथक."

"ते परत कधी येतं?"

"निवडणुकीच्या आधी."

दुर्वाचे ओठ आता जांभळे पडले होते. साळूबाईंनी पाठीचा एक काटा उपटला. शाई नव्हती, काट्याच्या मुळाशी रक्त होतं, तेवढं पुरलं. त्यांनी 'उत्तम' खोडलं, समासात मोठ्या अक्षरांत 'आजारी' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

अस्वलाला लिहिलेलं हवं होतं. ते मिळालं. दार उघडलं.

दुर्वा वाचली, श्रेय तरसांनी घेतलं. साळूबाई निलंबित आहेत. चौकशी समितीचा निष्कर्ष असा: जिल्ह्यातला पहिला आजार सदर शिक्षिकेने लिहिला, सबब तो तिनेच पसरवला. राज्यातल्या सर्व साळिंदरांनी आपापले काटे जवळच्या चौकीत जमा करावेत, असा हुकूम निघाला आहे. हुकमात कारण दिलं आहे: सार्वजनिक आरोग्य.