पाणबुड्याच्या घड्याळाची कडी

बंदराच्या एका गावी एकदा एक म्हातारा राहत असे. हयात बंदरातली लाँच चालवण्यात गेलेली, जुन्या घड्याळांचा नाद, आणि जिभेला हाड नाही. गाव त्याला तात्या म्हणे. दर रविवारी सकाळी त्याच्या ओसरीवर घड्याळवेडी मंडळी जमत. एक कापडाचा व्यापारी, एक दाताचा डॉक्टर, आणि बँकेची नोकरी सांभाळून घड्याळाची पारख शिकायला येणारा एक शिष्य.

तात्याची एक शिस्त होती. घड्याळ हाती आलं की आधी कानाला लावायचं, मग पाहायचं. "रूप मागाहून. आधी जीव आहे का ते ऐक," असं तो म्हणे.

खरंच, तेव्हाची घड्याळं ऐकू यायची. लग्नात मिळालेलं घड्याळ बाप सकाळी तोंड धुऊन चावी देऊन बांधायचा, आणि त्या करकरीनं घर जागं व्हायचं. आता भिंतीवरचं घड्याळसुद्धा मुकं. असो.

एका रविवारी मंजुळाबाई ओसरीवर आली. पन्नाशी उलटलेली बाई. धर्मा तांडेल या नावाजलेल्या पाणबुड्याची लेक. तिनं रुमालातून बापाचं घड्याळ काढलं आणि सगळे पुढं सरकले.

जाड पोलादी घड्याळ. काळी तबकडी उन्हापाण्यानं तांबूस झालेली, कोऱ्या चहासारखी. काचेभोवती फिरणारी कडी, तिचा रंग विटून राखाडी. असलं पाणबुड्याचं घड्याळ या मंडळींनी फक्त चित्रात पाहिलेलं.

"अरे बापरे!" डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर, आ मिटा. ते काम पेशंटचं," व्यापारी म्हणाला. पण नजर त्याचीही घड्याळावरून हलेना.

शिष्यानं घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की कडीवरची त्रिकोणी खूण वर बारापाशी नाही, खाली चारच्या आकड्यापाशी आहे.

"ही खूण सरकली का हो?"

"सरकली नाही. बाबांनी लावलीय," मंजुळाबाई म्हणाली. "पाण्यात उतरताना खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं. बंदरात मालाचं बार्ज बुडालेलं. त्याला दोर बांधायला बाबा उतरले. जिवंत वर आले नाहीत. सोबत्यांनी काढलं तेव्हा मनगटावर घड्याळ चालूच होतं. आईनं ते बंद पडू दिलं नाही. रोज सकाळी चावी. कडीला कुणी शिवायचं नाही, आणि घड्याळ बंदर सोडून न्यायचं नाही. आई गेली. आता मी देते चावी."

"मग आज इथं कशाला आणलंस?" तात्यानं विचारलं.

"लेक नागपूरला आहे. पहिलटकरीण. डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास नको सांगितलाय, ती मला बोलावते. पण मागं चावी कोण देणार? मी आजवर परगावी एक रात्र राहिलेली नाही, तात्या. कुणी जपणारं मिळालं तर देऊन टाकीन. कडीला मात्र हात लावायचा नाही."

"मी जपेन," शिष्य चटकन म्हणाला. "शपथेवर."

"अहो, ती कडी हीच तर अपूर्वाई!" डॉक्टरला राहवेना. "शेवटची बुडी जशीच्या तशी!"

"कडी हलली की उरलं नुसतं जुनं घड्याळ," व्यापारी म्हणाला.

तात्यानं शिष्याच्या हातून घड्याळ काढून घेतलं आणि मंजुळाबाईच्या तळहातावर ठेवलं.

"पोरी, कडी फिरव. खूण बारावर आण."

ओसरीवर एकच गलका झाला. "तात्या, डोकं फिरलं का तुमचं?" "एका चिमटीत मातेरं कराल!" मंजुळाबाईचं तोंड पांढरं पडलं. शिष्य तर उठून उभाच राहिला. "तात्या, जुन्या वस्तूवरची खूण पुसू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. आता खाली बस आणि पुढचं शीक."

मग तात्या मंजुळाबाईला म्हणाला, "मी लाँचवर असायचो. पाणबुड्या उतरला की आम्ही दोर धरून त्याचे बुडबुडे बघत बसायचो. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारी माणसं, पण तेव्हा चिडीचूप. तो वर यायचा, फळीवर बसायचा, आणि पहिलं काम काय? कडी फिरवून खूण बारावर. मग म्हणायचा, 'च्या आणा रे.' तेव्हा कुठं आमचा जीव भांड्यात पडायचा. कडी म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हिशेब. वर आला, हिशेब मिटला. धर्माला काढला तेव्हा आम्ही त्याची छाती दाबत होतो. कडीकडे कोण बघतो? तुझ्या आईला वाटलं, कडी फिरवली की नवरा संपला. तिला बोल लावत नाही मी. पण खूण तिथं आहे तोवर धर्मा पाण्याखाली आहे, आणि तू दोर धरून बसली आहेस. या मंडळींना त्यात अपूर्वाई दिसते. त्यांचं काय जातं? तिकडं तुझी लेक वाट बघतेय. बापाला वर घे."

मंजुळाबाईनं कडीवर अंगठा ठेवला. जोर दिला. खाऱ्या पाण्यानं धरलेली कडी हलेना.

शिष्य पुढं झाला. तो तिला अडवणार असं सर्वांना वाटलं. त्यानं आपल्या रुमालाचं टोक तांब्यातल्या पाण्यात भिजवलं आणि कडीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवलं, मीठ सुटेपर्यंत. मग घड्याळ परत तिच्या हाती दिलं.

कर्र झालं. खूण बारावर आली.

"आले," मंजुळाबाई म्हणाली. आणि मग रडली.

डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि चावी?"

"वाटलं तर दे. नाही दिलीस तर थांबेल. वर आलेल्या माणसाचं घड्याळ थांबलं म्हणून काही बिघडत नाही."

तिनं बांगड्या मागं सारून ते सैल घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि नागपूरच्या गाडीची चौकशी करायला निघून गेली.

"हातचं गेलं म्हणून वाईट वाटतंय?" तात्यानं शिष्याला विचारलं.

"वाटतंय."

"वाटू दे. खरं बोललास."

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, शिवायची नाही म्हणून ठेवलेली. एकदा हात लावून बघा.