सापाचं कधी सांगणार?

एक होतं भातशेतीचं लहानसं गाव, आणि त्या गावाला होतं एक सार्वजनिक वाचनालय. दोन खोल्या, आठ कपाटं आणि पुढे पत्रे घातलेलं अंगण. तिथे कुमुदताई नावाच्या ग्रंथपाल होत्या आणि तात्यासाहेब नावाचे अध्यक्ष.

तात्यासाहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या हातात माईक आला की सुटत नसे.

वाचनालयात दर महिन्याला कार्यक्रम होई. म्हणजे कार्यक्रमाच्या आधीचं सगळं होई. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचा सत्कार, मग सत्काराच्या शाली ज्यांनी दिल्या त्यांचा सत्कार. एवढ्यात वेळ संपे. एकदा बियाण्यांबद्दल बोलायला आलेले गृहस्थ हार घालून घेऊन, नमस्कार करून तसेच परत गेले. एकदा मुलांना गोष्टी सांगायला एक बाई आल्या, पण त्यांची पाळी येईपर्यंत मुलं झोपली होती.

कुमुदताई दर वेळी चरफडत. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणत, "आजही तेच." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मुकाट्याने पत्रिका लिहायला बसत.

भातलावणीला पंधरा दिवस राहिले होते. लावणीच्या दिवसांत तिथे साप निघत आणि दर वर्षी कुणाला तरी चावत. म्हणून कुमुदताईंनी यमुनाबाईंना बोलावलं. यमुनाबाई तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, आणि साप चावलेली कितीतरी माणसं त्यांच्या हातून बरी होऊन गेली होती. कुमुदताई स्वतः घरोघर जाऊन सांगून आल्या. चार वाजता अंगण भरलं. एरवी वाचनालयाची पायरी न चढणाऱ्या बायका शेतातून तशाच आल्या होत्या.

त्यांच्यात तानूबाई होती. तिचं शेत डोंगराच्या कडेला, गावापासून लांब. ती आणि तिचा नवरा भिवा, दोघंच राबत. ती अगदी शेवटी, दाराशी बसली.

समईच्या वाती वाऱ्याने तीनदा विझल्या. तीनदा काडेपेटी शोधली. स्वागतगीताची चारही कडवी झाली. मग तात्यासाहेब उठले. वाचनालय कसं उभं राहिलं, ते त्यांनी पहिल्या विटेपासून सांगितलं. मग ज्यांनी पंखा दिला त्या गृहस्थांचा सत्कार झाला. त्यांनी 'दोन शब्द' म्हणून अर्धा तास घेतला, त्यातला बराचसा पंख्यावर.

तानूबाई वाकून कुमुदताईंपाशी आली. "ताई, सापाचं कधी सांगणार? म्हशीची धार काढायची राहिलीये."

"आता होईलच," कुमुदताई म्हणाल्या. असं त्या आतापर्यंत चौघींना म्हणाल्या होत्या.

त्यांनी चिठ्ठी लिहून तात्यासाहेबांकडे दिली. 'यमुनाबाईंची एसटी सहाला आहे. आता त्यांना बोलू द्यावं.' तात्यासाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि माईकवर म्हणाले, "आमच्या ग्रंथपालबाईंनी वेळेवर आठवण केली. यमुनाबाईंना मानपत्र द्यायचं राहूनच जात होतं."

मानपत्र दोन पानांचं होतं. ते सगळं वाचलं गेलं.

कुमुदताई माईकपासून चार पावलांवर उभ्या होत्या. मनात आलं, जावं आणि माईक मागून घ्यावा. पण एवढ्या लोकांसमोर अध्यक्षांना कसं थांबवायचं, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. तानूबाई घरी निघून गेली. यमुनाबाईंना माईक मिळाला तेव्हा सहाला पाच कमी होते. "साप चावला तर आधी घाबरू नका," एवढं त्या म्हणाल्या आणि बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

लावणीच्या तिसऱ्या दिवशी भिवाच्या पायाला साप चावला. तानूबाईने जे लहानपणापासून ऐकलं होतं ते केलं. गुरांची दोरी घेतली आणि घोट्याच्या वर जीव खाऊन आवळली. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाच तास गेले.

भिवा वाचला. डॉक्टर म्हणाले, "विष औषधाने उतरलं. पण दोरीने पायाचं रक्त अडवलं होतं." पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

कुमुदताई दवाखान्यात भेटायला गेल्या. तानूबाई रागावली नाही. कुमुदताईंनी यमुनाबाईंचा पत्ता पर्समधून काढला आणि तिथूनच त्यांच्या घरी गेल्या.

पुढच्या रविवारची पत्रिका निघाली. तिच्यावर एकच नाव होतं, यमुनाबाईंचं.

"हे काय?" तात्यासाहेबांनी विचारलं. "दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही. आपली काही पद्धत आहे की नाही?"

"भिवाचा पाय गेला, तात्यासाहेब. तानूबाई इथे दीड तास बसून गेली होती."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "वाईट झालं. पण समई तरी ठेवू."

रविवारी ते सवयीने उठले आणि माईक हातात घेतला. "मी जास्त वेळ घेणार नाही. दोनच शब्द."

कुमुदताई चार पावलं चालून गेल्या. हात पुढे केला. "तात्यासाहेब, माईक द्या."

तात्यासाहेब लाल झाले. त्यांनी समोर पाहिलं. चाळीस बायका त्यांच्याकडे नाही, यमुनाबाईंकडे बघत होत्या. त्यांनी माईक दिला. मंचावर बसायला काही त्यांचं मन होईना, म्हणून मागे जाऊन दाराशी बसले.

यमुनाबाई दीड तास बोलल्या. मध्येच तात्यासाहेबांनी हात वर केला. "जखमेवर चीर देऊन रक्त काढायचं असतं ना?"

"नाही."

"मग विष तोंडाने ओढायचं?"

"तेही नाही. माणसाला निजवायचं, पाय हलू द्यायचा नाही, काही आवळून बांधायचं नाही, आणि गाडी आणायची."

तात्यासाहेब खाली बघत राहिले. "हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं," ते शेजारच्या बाईला हळूच म्हणाले. "त्या दिवशीच ऐकायला हवं होतं."

शेजारी तानूबाई होती. ती म्हणाली, "मी तेवढ्यासाठीच आले होते, साहेब."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: लोक ज्यासाठी आले ते त्यांना आधी द्यावं, मानपान मागाहून होतात. आणि चुकीचं चाललेलं ज्याला दिसतं, त्याने मनात चरफडत न बसता वेळेवर तोंड उघडावं.