पातेल्याची साक्ष

सोनजाईच्या बळवंतराजांना जेवण झालं की तासाभरात मळमळायला लागायचं. मग पोटात कळ, मग मुकुट बाजूला, टमरेल हातात, आणि महाराज परसाकडे. महिनाभर हे असं चाललं, तेव्हा त्यांनी मुदपाकखान्यातल्या केरबा आचाऱ्याला भर दरबारात उभं केलं.

"आमटीत काय कालवतोस रे?"

केरबानं हात जोडले. "काही नाही महाराज. तांब्याच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई नाही, म्हणून आंबट आमटी कळकते, पोटाला बाधते."

भानगड अशी होती. राजांना तांब्याच्या लखलखाटाचं भारी वेड. पातेल्यात आतून कल्हईचा पांढरा हात दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. अंतोबा कारभाऱ्यानं ही नस बरोबर धरली, कल्हईवाल्याला वेशीबाहेर हाकललं आणि सगळी पातेली आतून खरवडून घेतली. तेव्हापासून वाड्यावर पाहुणे आले की त्यांना आधी पातेली दाखवायचे, मग राणीसाहेब.

"माझ्या पातेल्यांना नावं ठेवतोस?" राजे कडाडले. अंतोबा लगेच म्हणाला, "महाराज, नाचता येत नाही तो अंगणाला बोल लावणारच."

दाराशी केरबाची पोर सगुणा उभी होती. वाड्यातली भांडी तीच घासायची, त्यामुळे बोटं चिंचेच्या पाण्यानं कायम सुरकुतलेली. बापाची ही दशा बघून तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ती सरळ पुढं आली.

"महाराज, दोष पातेल्याचाच आहे. मी दाखवते."

"कशी दाखवशील? कुणाला तरी आमटी पाजशील आणि तो पोट धरून लोळेल. ते नाही चालायचं. माणूस नको, जनावर नको, कुणाची जबानी नको. पातेल्यानं स्वतः साक्ष द्यायची. आठ दिवस देतो. नाही जमलं, तर तुझ्या बापाच्या तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड, आणि मग दोघंही राज्याबाहेर."

दरबार खो खो हसला. अंतोबा तर डोळे पुसत होता.

घरी केरबानं डोक्याला हात लावला. "अगं, पातेलं कधी बोललंय का?"

"बाबा, रोज मी त्यांच्यात डोकं घालून बसते. त्यांची खोड मला ठाऊक आहे."

असं म्हणाली खरी, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही. गाढवावर बसलेला बाप सारखा दिसत होता. सकाळी उठून ती राजांकडे गेली आणि एकच मागणं मागितलं. वाड्यातलं सगळ्यात मोठं पातेलं सदरेवर ठेवायचं, त्यावर पहारा बसवायचा आणि आठ दिवस त्याला कुणी घासायचं नाही.

राजांनी हो म्हटलं आणि पस्तावले. तिसऱ्या दिवशी पातेलं मळकं दिसायला लागलं, सहाव्या दिवशी आतूनबाहेरून काळवंडलं. येता जाता राजे तिकडं बघायचे आणि घरात कुणी आजारी असल्यासारखे सुस्कारे टाकायचे.

आठव्या दिवशी सगुणानं वाड्याच्या चौकात चूल मांडली. "मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "उद्या म्हणाल, पोरीनं काहीतरी केलं. कारभारी आमटी करतील."

"मी?" अंतोबा दचकला. पण राजांनी नुसती भुवई उचलली, आणि कारभारी धोतर खोचून चुलीपुढं बसले. धुरानं नाकाडोळ्यांतून पाणी. सगुणा लांब उभी राहून सांगत होती: तूरडाळ, गूळ, आणि चिंचेचा कोळ रोज असतो तेवढाच. सदरेवरचं ते काळं पातेलं बरोबर अर्धं भरलं. आमटी तासभर रटरटली, मग रोजच्यासारखी महाराजांची पूजा होईपर्यंत तशीच पातेल्यात राहिली.

"आता ही मडक्यात ओता, कारभारी. आणि महाराज, तुम्ही आत बघा."

राजांनी पातेल्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. वरचं अर्धं पातेलं काळंकुट्ट. खालचं अर्धं नव्या नवरीच्या नथीसारखं लखलखीत. आमटी जिथवर होती, तिथं दोरी धरून आखावी तशी रेघ.

"हे कुणी घासलं?" आतूनच आवाज घुमला.

"आमटीनं, महाराज."

राजे बाहेर आले. "कारभारी, कुणाचा हात लागला का?"

"माझ्याशिवाय कुणाचा नाही," अंतोबा पुटपुटला. "आणि मी नुसता पळीनं वरवर ढवळत होतो."

सगुणानं विचारलं. "महाराज, मी चिंचेनं भांडी घासते तेव्हा तो काळा-हिरवा मळ कुठं जातो?"

"कुठं म्हणजे? पाण्याबरोबर मोरीत."

"इथंही चिंचेनंच घासलंय. पण इथं मोरी कुठं आहे?"

राजांनी इकडंतिकडं पाहिलं. मग मडक्यातल्या आमटीकडं पाहिलं. मग त्यांचा हात सावकाश आपल्या पोटावर गेला.

"पोरी, म्हणजे गेला महिनाभर..."

"गेला महिनाभर मोरी तुम्हीच होतात, महाराज."

केरबानं डोळे मिटून घेतले. राजांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग ते असे हसत सुटले की मुकुट चुलीत जाता जाता राहिला. "मोरी! सोनजाईची मोरी!" हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा मानकऱ्यांनीही जपून जपून हसून घेतलं.

त्याच दिवशी कल्हईवाल्याला पालखी धाडून परत आणलं. केरबाला भरजरी शेला मिळाला, आणि सगुणाला सोन्याच्या पाटल्या आणि सगळ्या मुदपाकखान्याची मुखत्यारी.

"आणि कारभारी," राजे डोळे पुसत म्हणाले, "पातेलं वरून अजून काळंच आहे. मडक्यात आमटी भरपूर आहे. बसा घासायला."