चाळीस प्रश्न आणि ठकू

"पण बुवा, मेंढीला पाय किती, एवढंही सांगता येऊ नये? तेही धनगराच्या पोरीला?"

रेवणबुवा मठीच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

सुधन्वा याच ओट्यावर बाराखडी शिकला. आता तो गावोगाव फिरून मुलांची बुद्धी मोजतो. आजवर दोन हजार मोजली, हे तो न विचारताही सांगतो. आज नऊ वर्षांच्या ठकूची पाळी होती. चाळीस प्रश्न विचारले, चाळीसही वेळा पोर गप्प. आता कागदावर 'मंदबुद्धी' लिहून सही केली, की ठकूची रवानगी जिल्ह्याच्या वसतिगृहात. तिची आई मघापासून अंगणात बसून होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

बुवांनी ठकूला जवळ बोलावलं.

"का गं, बोलली का नाहीस?"

"सायबास्नी समदं येतंय की. आन् तरी इचारत्यात." ठकूने मान खाली घातली. "आमच्यात येत नसंल त्योच इचारतो. मोठ्या मानसाला काय सांगू, मेंढीला पाय किती त्ये? त्यास्नी येडं समजल्यागत हुईल."

सुधन्वाला काही कळेना. हसावं की रागवावं?

बुवा म्हणाले, "तुला ठाऊक नाही असं काहीतरी विचार तिला."

"म्हणजे... काय विचारू?"

"ते मी कसं सांगू?"

सुधन्वा विचार करू लागला. दोन हजार पोरांना घाम फोडणाऱ्याला एक प्रश्न सुचेना...

समोर माळावर कळप चरत होता. एक मेंढी बाजूला उभी होती, आणि एक कोकरू तिच्या मागे मागे करत होतं.

"ती मेंढी त्या कोकराला का ढकलतेय?" त्याने अखेर विचारलं.

ठकूचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"त्ये तिचं न्हाई. तिचं परवा मेलं. ह्याची आय मेली. म्या ह्या मेंढीचंच दूध काडून ह्याच्या अंगाला चोळलंय. आपला वास आला की घ्येती. सकाळपासनं दोनदा हुंगलंय तिनं. दुपार कलायच्या आत पाजंल."

तिघंही बघत राहिली. मेंढीने कोकराला हुंगलं, ढकललं, पुन्हा हुंगलं... आणि मग हलली नाही. कोकरू तिच्या कासेला लागलं, त्याची शेपटी थरथरू लागली.

सुधन्वाने प्रश्नांची पुस्तिका उघडली. चाळली. मिटली. पुन्हा उघडली.

"बुवा, याला गुण कुठे द्यायचे? अशी जागाच नाही यात."

बुवा शेंगा सोलत होते.

"मंद लिहावं तर हे डोळ्यांनी पाहिलं. हुशार लिहावं तर चाळीस रकाने रिकामे." त्याचा आवाज रडवेला झाला. "माझं डोकं चालेनासं झालंय. काय लिहू मी या कागदावर?"

बुवांनी टरफलं झटकली.

"तिला विचार. आता तुला खरंच ठाऊक नाही."