टिटवीची एकवीस पिसं

फार पूर्वी एका रानातल्या जुन्या नोंदी झाडांच्या सालींवर कोरून गुहेत ठेवलेल्या होत्या. राखणदार साळिंदर एक साल दाखवायला एक पीस घेई.

तळ्यावरच्या म्हशी टिटवीची अंडी तुडवत आणि म्हणत, "हा काठ पहिल्यापासून आमचाच." टिटवीला ते पटेना. ती गुहेत गेली.

पहिल्या सालीवर पुराची हकिगत निघाली, दुसरीवर वणव्याची.

"काठाची साल कुठली?" तिने विचारलं.

"ज्याचं त्यानं शोधायचं," साळिंदर म्हणालं.

ती रोज येत राहिली. तेरा पिसं गेल्यावर तिला उडता येईना.

"आता पुरे कर, बाई," साळिंदर म्हणालं.

"पाय आहेत अजून," म्हणत ती चालत येऊ लागली.

एकविसाव्या सालीवर नोंद सापडली : काठ टिटव्यांचा, पाणी सगळ्यांचं. साल बाहेर नेता येत नव्हती, म्हणून तिने ती पाठ केली आणि तळ्यावर सर्वांसमोर म्हणून दाखवली. "माझी आजीही असंच सांगायची," म्हातारी म्हैस ओशाळून म्हणाली आणि कळप घेऊन मागे सरली.

तेवढ्यात ससा पुढे आला. "मलाही माझ्या माळाची नोंद हवीय. पण मला पिसंच नाहीत."

"बस इथे," टिटवी म्हणाली. "आणखी वीस साली वाचल्यात मी. पहिलीपासून सांगते."