कुणावाचून अडतं

“आणि ह्याचं कुणावाचून अडतं?”

“ह्याचं ह्या दोघांवाचून, बाई. आणि त्या दोघांचं...”

मिहिर चौबळ लॅपटॉपच्या पडद्यावरून बोट खाली सरकवत होता. बाहेर दारात दवाखान्याची जीप उभी होती आणि ड्रायव्हर बुलाभाऊ बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. बिडी संपली की हॉर्न वाजणार, हे मिहिरला ठाऊक होतं.

जुवेकरबाई खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. जन्मभर पुण्यात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी ह्या आडगावात येऊन राहिल्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जुने विद्यार्थी ह्या घराला गमतीनं मठ म्हणत. मठात देव नव्हता. एक खाट होती, एक जुना कॉम्प्युटर होता आणि प्रश्न विचारणारी एक म्हातारी होती.

प्रश्नही एकच. बाई वर्गात ‘आर’ ही आकडेमोडीची भाषा शिकवत, तेव्हापासूनचा.

आरमध्ये कुणीच सगळं स्वतः लिहीत नाही. आलेख काढायला कुणाचं तरी तयार पॅकेज घ्यायचं, तारखा जुळवायला आणखी कुणाचं. त्या पॅकेजांनाही दुसरी पॅकेजं लागतात आणि त्या दुसऱ्यांना तिसरी. बाई एकेकावर बोट ठेवून विचारत, ह्याचं कुणावाचून अडतं? आणि ह्याचं? असं करत खाली जायचं, जिथे कुणाचंच कुणावाचून अडत नाही तिथपर्यंत. मग उलट वर यायचं. जो तळाशी, तो आधी बसवायचा. क्रम चुकला की वरचं काही उभंच राहत नाही.

हे मिहिरला वर्गात फार सोपं वाटलं होतं. तो हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

आताचं त्याचं काम डोंगरावरच्या दवाखान्यासाठी होतं. तिथं नवजात बाळांची रोज वजनं होतात. कुठलं बाळ मुळातच बारीक आहे आणि कुठलं हातचं जाऊ पाहतंय, हे मिहिरचा प्रोग्राम वेळेवर ओळखून सांगायचा. निदान त्याच्या लॅपटॉपवर तरी सांगायचा. वर इंटरनेट नाही. लागेल ते सगळं पेनड्राइव्हवर भरून खालून न्यायचं. वर गेल्यावर एखादं पॅकेज राहिल्याचं कळलं, तर पुढची जीप येईपर्यंत हात चोळत बसायचं.

मागच्या खेपेला तेच झालं. तळातलं कुठलंसं पॅकेज राहून गेलं. त्याचं नावही मिहिरनं कधी ऐकलं नव्हतं. प्रोग्राम सुरूच झाला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर वळवीबाईंनी प्रोग्रामच्या भरवशावर पाळण्यांना लावलेले वजनाचे तक्ते काढून टाकले होते. त्या गोंधळात एका बाळाचं वजन उतरत गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाळ वाचलं, अगदी थोडक्यात. त्याची आई मिहिरसमोर आली आणि हात जोडून म्हणाली, “तुमच्या मशीननं वाचवलं, दादा.” तेव्हा त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या दिवसापासून त्याला धड झोप नव्हती.

“ह्या वेळी तसं होणार नाही,” तो म्हणाला. बाईंपेक्षा स्वतःलाच सांगत होता. “आता नावं शोधणाराच प्रोग्राम लिहिलाय. माझ्या कोडमध्ये ज्या पॅकेजांची नावं आहेत ती तो उचलतो, त्यांच्याखालची शोधतो, त्यांच्याही खालची शोधतो आणि क्रम लावून देतो. कुणाला विचारलं नाही, बाई. एकट्यानं केलंय. आता माझं कुणावाचून अडत नाही.”

बाईंच्या हातातली शेंग फोडायची राहिली.

“चालवून दाखव.”

त्यानं चालवलं. पडद्यावर पाळण्यांचे आकडे आले, वजनांच्या रेघा आल्या, एक रेघ घसरू लागली तसा तिथं लाल ठिपका उमटला. सगळं कसं देखणं चाललं होतं.

बाई बघत राहिल्या...

वर्गात बाई अशा गप्प झाल्या की मुलं न सांगता आपापलं उत्तर पुन्हा तपासायला घेत.

“बरोबर आहे ना, बाई?”

“तुझ्या घरात चाललं.”

“म्हणजे?”

“घर रिकामं कर. मग चालव.”

बाहेर हॉर्न वाजला.

मिहिरला अर्थ कळला. एक नवा रिकामा फोल्डर करायचा. आरला सांगायचं की तुझ्याकडे एवढंच आहे, जुनं काही वाचू नकोस, जुन्या कुणाकडे मागू नकोस. नेट बंद. मग पेनड्राइव्हवरून एकेक पॅकेज क्रमानं बसवायचं, जणू आपण वर दवाखान्यातच बसलोय. ह्यात दुपार उलटली असती.

“बाई, जीप...”

बाई पुन्हा शेंगा फोडायला लागल्या होत्या.

तो बाहेर गेला. बुलाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी आभाळाकडे, मग डोंगराकडे पाहिलं.

“थांबतो. पण घाट मला उजेडात चढू द्या, साहेब. आणि आज तरी वर जाऊन तोंड पाडून बसू नका. डॉक्टरबाई सकाळपासून फोनवर फोन करताहेत.”

मिहिर आत आला. त्यानं घर रिकामं केलं.

पहिलं पॅकेज बसलं. दुसरं बसलं. प्रत्येक नावाला त्याचा श्वास अडकत होता आणि नाव पुढे सरकलं की सुटत होता. मागच्या खेपेला दगा दिलेलं ते तळातलं पॅकेज आलं, तेव्हा त्यानं चक्क डोळे मिटून घेतले. तेही बसलं. ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून भिंतीवर चढलं. शेवटी त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामचं नाव आलं. सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या डोक्यावर. तेही बसलं.

“बघा! एकही अडलं नाही. क्रम अगदी बिनचूक.”

“क्रम बिनचूक आहे,” बाई म्हणाल्या. “चालव.”

त्यानं चालवलं.

पडद्यावर एकच लाल ओळ आली. ‘गाळून_घे’ नावाचं काही सापडत नाही.

मिहिर बघतच राहिला. हे कसं शक्य होतं? आत्ताच तर चाललं होतं! त्यानं पुन्हा चालवलं. पुन्हा तीच ओळ.

‘गाळून_घे’ हा आदेश त्याच्या कोडमध्ये जागोजागी होता. काटा अडकलेला असतो, कुणी बाळाला दुपट्यासकट तोलतं, अशी चुकीची वजनं हा आदेश बाजूला काढायचा. तो नसता तर दुपट्याच्या वजनानं सुकलेलं बाळही गुटगुटीत ठरलं असतं. मिहिर हा आदेश इतकी वर्षं वापरत आला होता की तो कुठून येतो, हा प्रश्नच कधी मनात आला नव्हता. आपला हात कुठून आला, असं कोण विचारतं?

“बाई, हे आरमधलंच आहे ना? माझ्या शोधणाऱ्या प्रोग्रामला कसं दिसलं नाही?”

“तू ज्याचं नावच लिहिलं नाहीस, ते त्याला कसं दिसावं?”

मिहिरनं लॅपटॉप धुंडाळायला सुरुवात केली. जुने फोल्डर उघडले, बंद केले. बाहेर बुलाभाऊंनी जीपचं दार आपटलं. शेवटी एक फाइल हाताला लागली. आर रोज सुरू होताना सगळ्यात आधी जी गुपचूप वाचतो, ती. त्यात एकच ओळ होती. ‘गाळणी’ नावाचं पॅकेज उघड.

त्याला तो वर्ग आठवला. पहिलाच दिवस, खडूचा वास, आणि फळ्यावर बाईंच्या अक्षरात हीच ओळ. गाळणी बाईंनी स्वतः लिहिली होती, मुलांच्या सोयीसाठी. ही ओळ उतरवून घ्या आणि विसरून जा, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानं दोन्ही केलं होतं.

मिहिरला वर बघवेना.

“तुम्हाला माहीत होतं, बाई.”

“संशय होता.”

“मग सकाळी मी एवढ्या फुशारक्या मारत होतो तेव्हाच का नाही सांगितलंत? वर जाऊन पुन्हा तसंच झालं असतं तर? पुन्हा एखादं बाळ...”

“ही ओळ मी सांगितली असती. पुढची कोण सांगणार होतं?”

मिहिरला लाज वाटत होतीच, पण भीती त्याहून मोठी होती. आपण कुणाकुणाच्या जिवावर चालतोय आणि त्यातलं आपल्याला किती माहीत आहे, ह्याची भीती. आपण उद्धट आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो नुसता विसरला होता.

बाई उठल्या. पदराला हात पुसले, जुन्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि गाळणी शोधून त्याच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पुन्हा खाटेवर येऊन बसल्या.

मिहिरनं गाळणी उघडायची ती ओळ स्वतःच्या कोडमध्ये लिहिली आणि क्रमाची फाइल उघडली. सगळ्यात पहिल्या नावाच्याही आधी जागा केली आणि तिथं ‘गाळणी’ असं लिहिलं.

“हे सगळ्यांच्या आधी, बाई,” तो म्हणाला. “हे आधी, मग बाकीचं.”

आणि तो त्यांच्या पायांशी वाकला.

बाईंनी पाय खाटेवर ओढून घेतले.

“थांब. माझं कुणावाचून अडतं, ते आधी शोध.”