सावरीखालची राखण

सह्याद्रीच्या पायथ्याला आडवणे नावाचे एक लहान गाव आहे. एसटी तिथे दिवसातून दोनदा येते आणि तिथूनच मागे वळते, कारण पुढे रस्ता नाही, नुसती राई आहे. फाल्गुनात या राईत पाने कमी आणि पक्षी जास्त असतात. सावरी फुलून लाल होतात, उंबर पिकतात. म्हणून हल्ली गळ्यात दुर्बिणी अडकवून शहरातले पाहुणे येतात. त्यांना शेकरू दिसते, हरियालांचे थवे दिसतात, नशीब असेल तर ओढ्यावर आलेले भेकर दिसते. आणि फाल्गुन दशमीला आले असतील तर आणखी एक गोष्ट दिसते. एका उंच झाडाखाली एक मुलगी एकटीच बसलेली असते. तिच्या हातात पुस्तक नसते, मोबाईल नसतो. ती नुसती वर बघत असते. जवळून जाणारी माणसे तिच्याशी बोलत नाहीत. चपला हातात घेऊन, वाळलेला पातेरा पायाखाली वाजू न देता पुढे जातात.

"ही इथे का बसली आहे?" असे पाहुणे विचारतात. तेव्हा देवळाचे तातू गुरव पायरीवरची पाने हाताने बाजूला करतात, पाहुण्यांना बसवतात आणि सांगायला लागतात.

फार पूर्वी, म्हणे, आडवण्याची होळीही इतर गावांसारखीच होती. राईतले सर्वांत उंच झाड तोडायचे, चाळीस जणांनी खांद्यावर घ्यायचे आणि ढोल वाजवत, कुठेही न टेकवता देवळापुढे आणून उभे करायचे. झाड निवडण्याचा मान रवळोजी नावाच्या गावकऱ्याच्या घराण्याकडे होता. दशमीला तो झाडाला कुऱ्हाडीचा पहिला घाव घाली. एकदा घाव बसला की ते झाड देवाचे झाले. पौर्णिमेला ते पडलेच पाहिजे. घाव घालून सोडलेले झाड गावाला लागते, असे लोक मानत.

एका वर्षी रवळोजीने निवडलेले झाड आतून पोकळ निघाले. देवळापुढे उभे करताना ते मधोमध मोडले. त्या पावसाळ्यात गावात ताप आला आणि तीन मुले गेली. त्यांत रवळोजीचा स्वतःचा मुलगा पुंडू होता. गावाने रवळोजीला तोंडावर काही म्हटले नाही. पण त्याच्या शेजारी पाणी भरायला कोणी थांबेनासे झाले.

रवळोजीला आवडी नावाची मुलगी होती, तेरा वर्षांची. ती आधीच कमी बोलायची. भाऊ गेल्यावर ती इतकी गप्प झाली की आईला कधीकधी ती घरात आहे की नाही हेच कळत नसे. चार माणसे समोर आली की तिचा आवाज आत कुठेतरी विरघळून जाई. पण तिला दिसायचे मात्र सगळे. हिरव्या पानांत हिरवा हरियाल कुठे बसला आहे, हे ती बोट न दाखवता नुसते बघत राहायची.

पुढच्या वर्षी फाल्गुन आला तेव्हा आवडीच्या आईच्या कुशीत वीस दिवसांचे बाळ होते. रवळोजी रोज राईत जाऊन खोडे ठोकून बघे. या वर्षी होळी मोडून चालणार नव्हती. शेवटी त्याला ओढ्यापलीकडे एक सावर सापडली, सरळ आणि प्रचंड. तिच्या खोडावर, दोन माणसांच्या उंचीवर, एक जुनी ढोली होती, पण ती पूर्ण बुजलेली होती. झाडाने आपली जखम आपणच भरून काढली, आता ते आतूनही भरीव असणार, असे रवळोजीला वाटले. त्याला तो शकुनच वाटला. दशमीला त्याने तिच्या बुंध्याला पहिला घाव घातला.

दुसऱ्या दिवशी आवडी पातेरा गोळा करायला त्याच बाजूला गेली. सावरीखाली लाल फुलांचा सडा होता. वर कोतवाल आणि साळुंक्या फुलांत चोची बुडवत होत्या आणि एक फूल गरगर फिरत तिच्या टोपलीत पडले. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, ते तिला कळले नाही. मग हवेत कोणीतरी मोठा पंखा हलवावा तसा आवाज आला आणि पिवळ्या चोचीचा एक ककणेर सावरीवर उतरला. धनेश पक्ष्याला आडवण्यात ककणेर म्हणतात. तो बुजलेल्या ढोलीपाशी आला आणि मान झुकवून त्याने एक उंबर पुढे केले. तेव्हा आवडीला दिसले की ढोली पूर्ण बुजलेली नाही. मातीत बोटभर फट आहे. त्या फटीतून आतल्या चोचीचे टोक बाहेर आले, उंबर घेतले आणि आत गेले.

ककणेराची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. पिल्ले मोठी होईपर्यंत तिला नर चारतो. तो आला नाही, तर ती आतच राहते. राईत वाढलेल्या आवडीला हे ठाऊक होते. तिने बुंध्याकडे पाहिले. कुऱ्हाडीचा घाव ओला होता.

त्या संध्याकाळी रवळोजी अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. आवडी त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय गो? काय होया?" त्याने मान न वळवता विचारले.

आत बाळ रडले. आईने त्याला थोपटले. आवडीच्या तोंडातले शब्द परत गेले.

"काय नाय," ती म्हणाली.

असे आणखी तीन दिवस झाले. रोज ती सावरीखाली जाई, रोज ककणेर येई, आणि रोज संध्याकाळी ती बापामागे उभी राहून "काय नाय" म्हणे. झाड वाचवावे तर बाळाचे काय होईल, आणि बाळाचा विचार करावा तर आत वाट बघणाऱ्या मादीचे काय, हे कोणाला विचारावे ते तिला कळत नव्हते. सांगतात की त्या दिवसांत तिला झोपेतही पंखांचा आवाज यायचा आणि सगळी राई लाल धुक्यातून हळूहळू चालत घराकडे येताना दिसायची.

पौर्णिमेच्या सकाळी ढोल वाजवत चाळीस जण राईत शिरले. पुढे रवळोजी, त्याच्या बाजूला गावाचा म्हातारा घाडी सोमा. देवापुढे गावाचे गाऱ्हाणे घालण्याचे काम घाडीचे. सावरीपाशी येऊन पाहतात तो आवडी बुंध्याला पाठ लावून बसलेली.

"आवडे, ऊठ थंयसून," रवळोजी म्हणाला.

ती उठली नाही. तिचे ओठ हलले, पण ढोलांत कोणाला काही ऐकू आले नाही.

"काय म्हणता ता?" मागून कोणी ओरडले.

"मोठ्यान बोल गो! तोंडात लाडू धरलंस काय?"

माणसे हसली. जितके ते मोठ्याने बोलत, तितका तिचा आवाज लहान होत होता. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. रवळोजीने तिचा दंड धरला. तेवढ्यात सोमा घाडीने हात वर केला.

"ढोल खाली ठेवा रे. चेडवाचा बोलणा ऐकाक येणा नाय."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. मागच्यांनाही ऐकायचे होते, म्हणून तेही पुढे सरकले. त्यांच्या मागचेही सरकले. सगळ्यांना जागा व्हावी म्हणून माणसे खाली बसली. बघता बघता चाळीस जण सावरीखाली श्वास रोखून बसले आणि राईत शांतता झाली.

"आत ककणेरीण आसा," आवडी म्हणाली. "तो येतलो. तेवढे थांबा."

मग ते थांबले. फुले पडत राहिली. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर. ऊन वर आले. कोणी हलत नव्हते, कोणी विड्याचे पानही काढले नाही. काही जण तर, म्हणे, उघड्या डोळ्यांनी स्वप्नात गेल्यासारखे बसून राहिले होते. ककणेर एकदा आला, माणसे पाहून परत गेला आणि पलीकडच्या झाडावर बसून राहिला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तो ढोलीपाशी उतरला. गळ्यातून एकेक उंबर काढून तो फटीपाशी धरू लागला आणि आतली चोच एकेक घेऊ लागली. शेवटचे उंबर निसटून खाली पडले, ते रवळोजीच्या पायाजवळ.

नर उडून गेल्यावर सोमा घाडी हलकेच हसला. "रवळू, भरीव म्हणान ज्या झाडार घाव घातलंस, ता पोकळ रे! बरा झाला. पोकळ झाडाची होळी करूची नसता. सोड, दोष लागाचो नाय."

सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले. पण रवळोजी उठला, त्याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि घाडीचे काम असूनही स्वतःच गाऱ्हाणे घातले.

"देवा म्हाराजा, झाड पोकळ आसा म्हणान मी सोडूक नाय. आत कोणतरी वाट बघता, म्हणान सोडलंय. काय दोष आसात तो माझ्यार ठेव."

मग चाळीस जण हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्या वर्षी होळीला ओढ्यात वठून पडलेले एक वाकडे झाड उभे केले गेले. शेजारच्या गावांनी खूप टिंगल केली. ती होळी मोडली नाही, पण वर्षभर आडवणे भीतभीतच जगले. रवळोजी रोज सकाळी बाळाच्या कपाळावर हात ठेवून बघे, ताप आहे का. आषाढात गावातली एक फार म्हातारी बाई गेली तेव्हाही लोक कुजबुजले. पण बाळाला काही झाले नाही.

वैशाखात ढोलीची माती फुटली. मादी बाहेर आली, विसकटलेल्या पिसांची, उजेडाला बिचकलेली. रवळोजी बाळाला खांद्यावर घेऊन ते बघायला गेला होता. परत येताना वाटेत पहिल्यांदाच शेजारचा माणूस त्याच्याशी बोलायला थांबला, असे सांगतात.

तेव्हापासून घाव घालण्याआधी झाडाखाली राखण बसते. मुलगीच बसते, आणि गावातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी निवडतात. ती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बघते आणि संध्याकाळी देवळापुढे सगळ्या गावाला दिवसभर जे दिसले ते सांगते. कोतवाल किती, शेकरू कोणत्या फांदीवर, सुतार पक्षी कोणत्या बाजूला. जर ती म्हणाली, "भरल्या चोचीने आला," तर तो कोणताही पक्षी असो, झाड पोकळ असो की भरीव, ते सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाखाली बसतात. एका वर्षी अशी पाच झाडे सुटली आणि शेवटी होळी बांबूची झाली. तातू गुरव हे सांगताना थोडे अभिमानाने हसतात.

ती सावर आता नाही. पण आजही दशमीच्या संध्याकाळी देवळापुढे गाव जमते आणि त्या वर्षीची मुलगी पायरीवर उभी राहते. तिचा आवाज बहुतेक वेळा चढतच नाही. मागच्यांना काही ऐकू येत नाही. पण आडवण्यात तिला कोणी "मोठ्याने बोल" म्हणत नाही. माणसेच पुढे सरकून बसतात.